दोन मोनो, एक स्टीरिओ आणि भोरच्या बाई

"...तर बाई, सगळं सांगून झालं. आता प्रश्न उरतो तो एवढाच. दोन मोनो घ्यावेत, का एकच स्टीरिओ?"

बाईंची मान खालीच होती.

त्यांच्या उजव्या हाताखाली लहानशी चरखी फिरत होती. डाव्या हाताच्या दोन बोटांमधून केसाएवढी तांब्याची तार सरकत होती. ओठ हलत होते.

सुहास निमकर वाट बघत उभे राहिले.

"तीनशे चाळीस," बाई म्हणाल्या. तारेला गाठ मारली, चष्मा कपाळावर चढवला. "हं. बोला आता."

"मी... बोललो की सगळं."

"मी वेढे मोजत होते."

निमकरांना पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागलं.

आपलं बोलणं कुणी ऐकलं नाही, असं त्यांच्या बाबतीत सहसा होत नसे. वय छप्पन्न, पुण्यात राहणं, शिक्षणानं इंजिनिअर, आणि नाद एकच... आवाजाचा. घरात गाणं वाजावं तर समोर गायक बसल्यासारखं वाजावं, यासाठी त्यांनी तीस वर्षं घातली होती. अकरा जणांचं त्यांचं एक मंडळ होतं. त्या मंडळात निमकर बोलायला लागले की बाकीचे दहा जण वही काढत.

आणि त्या दहांपैकीच एकानं सांगितलं होतं, की भोरला एक बाई आहेत. द्वारका शिंगटे. सरकारी आयटीआयमध्ये तीस वर्षं रेडिओ दुरुस्ती शिकवली, आता त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. घरामागच्या पडवीत बसून वर्षाला पाच-सहा ॲम्प्लिफायर हातानं बनवतात. दारावर पाटी नाही. मनात असेल तर देतात, नसेल तर चहा पाजून परत पाठवतात.

निमकरांना अजून चहाही मिळाला नव्हता.

"स्टीरिओ ॲम्प्लिफायर म्हणजे," ते म्हणाले, "एका पेटीत दोन बिऱ्हाडं. डावा आवाज आणि उजवा आवाज, दोघांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच. त्यामुळे एकाचं दुसऱ्यात झिरपतं. मोनो म्हणजे प्रत्येकाची पेटी वेगळी. डाव्या स्पीकरला एक, उजव्याला एक. कुणाचा कुणाला उपद्रव नाही."

"झिरपतं ते तुम्हाला ऐकू येतं?"

"मोजता येतं."

"ऐकू येतं का?"

"...लक्ष देऊन ऐकलं तर."

"आणि लक्ष गाण्यात असलं तर?"

निमकर हसले. प्रश्न त्यांना बाळबोध वाटला. म्हातारीच्या हातात कसब असेल, पण विचार जुन्या वळणाचा दिसतोय, असं त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

"खोली कशी आहे?" बाईंनी विचारलं.

याच प्रश्नाची ते वाट बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढला. भिंतींना जाड कापडाच्या गाद्या, खिडकीला दुहेरी पडदे, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीनं आखलेला त्रिकोण. त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकावर एक खुर्ची.

बाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"ही खुर्ची?"

"तीच बरोबर जागा. तिथून वीतभर इकडेतिकडे झालं की खेळ बिघडतो. गायक मधून उठतो आणि एका कडेला जाऊन बसतो."

"आणि दुसरं माणूस कुठे बसतं?"

"दुसरं कोण?"

बाईंनी फोन परत दिला.

"पुढच्या गुरुवारी या. येताना एक माणूस घेऊन या."

"कशाला?"

"एकट्या माणसाला मी ॲम्प्लिफायर देत नाही."

"अहो, पण ऐकणार मी एकटाच आहे!"

"म्हणून तर."

आणि बाईंनी चरखीवर नवी तार चढवली. एक... दोन... तीन...

कापूरहोळ येईपर्यंत निमकर गाडीत एकटेच बाईंशी भांडत होते. पुढे हमरस्त्याला लागल्यावर भांडण संपलं आणि निराळीच अडचण उभी राहिली. न्यायचं कुणाला?

मंडळातल्या कुणाला न्यावं, तर तो तिथे स्वतःचं मत मांडणार. मुलगा बंगळुरात. शेजारच्या जोगांना आवाजाचा वीट होता, आणि त्याला कारण निमकरच होते.

राहिली वृंदा. बायको.

वृंदा शिवणकाम करायची. तिचं मशीन पूर्वी त्या खोलीतच होतं. खोलीला गाद्या लागल्या तेव्हा मशीन गॅलरीत गेलं. ती शेवटची खोलीत आली होती ती खंडेनवमीला. शिवणाच्या मशीनची पूजा झाल्यावर ती हौसेनं आत आली आणि तिनं दोन्ही स्पीकरना हळदकुंकू लावलं. निमकर ओरडले होते, "अगं, कणी आत गेली तर स्पीकरचा पडदा खराब होईल!" आणि त्यांनी मऊ फडक्यानं ते पुसून काढलं होतं.

त्यानंतर ती खोलीत आली नव्हती. हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"गुरुवारी भोरला येतेस?" त्यांनी जेवताना विचारलं.

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"कळायला नको आहे. एक माणूस हवंय."

वृंदानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"माणूस म्हणून चालेन मी?"

ती आली. निघताना तिनं डब्यात धपाटी घेतली, आणि नसरापूर मागे पडल्यावर, खिडकीबाहेर बघतच, म्हणाली, "धुळ्याला ताई बोलावतेय. शिवणाचा क्लास तिला एकटीला झेपत नाही आता. चार-सहा महिने जाऊन येईन म्हणते."

"सहा महिने?"

"तुमचं काय अडणार आहे? डबा लावून देते."

निमकरांनी गिअर बदलला. बदलायची काही गरज नव्हती.

"तसं नाही..."

"तुम्ही दिवसभरात माझ्याशी किती वाक्यं बोलता? मोजलीत कधी?"

ते सगळं मोजत. खोलीची लांबी, तारांची जाडी, दमट हवेनं बदलणारा आवाज. हे त्यांनी मोजलं नव्हतं. भोर येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात मोजून पाहिलं. आकडा इतका लहान निघाला की त्यांनी पुन्हा मोजलं.

बाईंनी या खेपेला दारातच वृंदाचा हात हातात घेतला.

"शिवता का तुम्ही?"

"कसं ओळखलंत?"

"बोटाला टोचलेलं दिसतंय. या, बसा."

मग दोघी पडवीत जाऊन बसल्या, आणि निमकरांना वाटलं, आपण घरी राहिलो असतो तरी चाललं असतं. बॉबिनवर दोरा किती ओढून भरावा आणि ट्रान्सफॉर्मरवर तार किती ओढून धरावी, हा प्रश्न एकच असल्याचं त्या दोघींना लवकरच कळलं. सैल राहिली तर गुणगुणते. ताणली तर तुटते. बाईंनी वृंदाच्या हातात चरखी दिली. तिनं दोनशे दहा वेढे घातले. वेढ्याला वेढा लागून, एकही वर चढला नाही.

"छान," बाई म्हणाल्या. हा शब्द त्या आयटीआयमध्ये वर्षातून एकदा वापरत, असं निमकरांनी ऐकलं होतं.

"मी बघू?" ते म्हणाले.

तांबं किती शुद्ध असावं लागतं, हे वृंदाला समजावून सांगता सांगता त्यांनी सत्ताविसाव्या वेढ्याला तार तोडली.

"चहा घ्या," बाई म्हणाल्या.

चहा झाल्यावर बाईंनी त्यांना मधल्या खोलीत नेलं. तिथे गाद्या नव्हत्या, पडदे नव्हते. शहाबादी फरशी, दोन जुने लाकडी स्पीकर, त्यांच्यासमोर मधोमध एक वेताची खुर्ची. मागे टेबलावर काहीतरी टॉवेलखाली झाकलेलं.

निमकर सवयीनं खुर्चीकडे निघाले.

"तुम्ही तिथे." बाईंनी डाव्या स्पीकरच्या शेजारी, भिंतीला लागून ठेवलेल्या बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"तिथून नीट ऐकू यायचं नाही, बाई."

"मला माहीत आहे."

खुर्चीवर वृंदा बसली. तिनं पर्स मांडीवर घेतली, डॉक्टरांच्या दवाखान्यात घेतात तशी.

"टॉवेलखाली काय आहे? दोन मोनो की..."

बाईंनी बटण दाबलं.

जवळच्याच एका वाडीतल्या भजनाचं ते ध्वनिमुद्रण होतं. बाईंनीच कधीतरी दोन माईक लावून केलेलं. निमकरांच्या कानाशी पखवाज धडाडला. त्याच्याबरोबर टाळ. गाणाराही असावा, पण तो चार घरं पलीकडे कुठेतरी गात असल्यासारखा. शब्द लागेनात. त्यांनी मान लांब केली, स्टूल पुढे ओढला. पखवाज आणखी मोठा झाला.

"काय म्हणतोय गं तो?" त्यांनी विचारलं.

"श्श्!"

निमकर जागच्या जागी थिजले. एकतीस वर्षांच्या संसारात 'श्श्' हा अक्षरसमूह त्यांच्या मालकीचा होता. आज पहिल्यांदा तो त्यांच्याकडे आला.

वृंदा पुढे झुकली होती. पर्स मांडीवरून घसरून फरशीवर पडली, तिला कळलं नाही.

अभंग संपला. तिनं डोळे उघडले आणि दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

"अहो... तो म्हातारा तिथे बसलाय!"

"तिथे कुणी नाहीये, वृंदा."

"तिथेच! पेटीवाला त्याच्या जरा मागे. टाळवाले उभे आहेत, तिघं... नाही, चौघं. त्यातला तो पलीकडचा खोकला मधेच. खोकला आणि मग त्यानं टाळ जोरात वाजवला, लाजून."

बाई भिंतीला टेकून हसत होत्या. "नामदेव खोकला होता. पण लाजला ते मला आजवर कळलं नव्हतं."

निमकरांना खोकला ऐकूच आला नव्हता.

वृंदा त्यांच्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. आनंदानं की रागानं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"हे तुम्ही रोज ऐकता?"

"...हो."

"रोज?"

"हो."

"आणि मला कधी बोलला नाहीत!"

"बोललो! किती वेळा बोललो! डेप्थ म्हणालो, सेपरेशन म्हणालो, स्टेज कसं उभं राहतं ते..."

"ते शब्द झाले हो. 'ये, बस' असं कधी म्हणालात?"



"मला इथून..." निमकर हळूच म्हणाले, "मला इथून नुसता पखवाज ऐकू येत होता."

"मला घरी तेवढंच येतं. दाराबाहेरून. धम् धम्." ती जरा थांबली. "मला वाटायचं, तुम्हाला धम् धम् आवडतं."

निमकरांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. वृंदाही हसली, आणि तिला हसताना बघून त्यांना आठवलं, की ही हसताना उजव्या गालाला हात लावते. हेही त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर ते ताठ बसले. त्यांना वाटलं, कळलं. बाईंना काय शिकवायचंय ते कळलं. मोठ्या माणसाला शोभेल अशा आवाजात ते म्हणाले, "ठीक आहे बाई. दोन स्पीकर नकोतच मला. एकच ठेवतो. खोलीत कुठेही बसा, सगळ्यांना सारखंच ऐकू येईल. सोडला मी तो त्रिकोण."

"सोडा असं कुणी म्हटलं?" बाई म्हणाल्या.

"आणि मुळीच नाही!" वृंदा खुर्चीचे हात धरून म्हणाली. "मला तो म्हातारा मधोमधच हवा."

निमकर गोंधळले. एवढा मोठा त्याग करायला ते निघाले होते, आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं.

"पण बरोबर जागा एकच असते!"

"कुणी सांगितलं?"

"भूमिती आहे बाई ती. दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर हवं. असा बिंदू..."

बाईंनी कोनाड्यातला खडू उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"काढा."

निमकर फरशीवर उकिडवे बसले. हा डावा स्पीकर. हा उजवा. ही वृंदाची खुर्ची. दोन्हीकडून खुर्चीपर्यंत त्यांनी सरळ रेघा ओढल्या.

"दोघांपासून सारख्या अंतरावर," बाईंनी विचारलं, "हा एकच बिंदू आहे?"

"हो, हाच की. म्हणजे..."

खडू थांबला.

त्यांनी दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यावर एक खूण केली. तिथून खुर्चीपर्यंत रेघ ओढली. मग खुर्चीच्या पायांमधून ती मागे नेली. मग आणखी मागे. उकिडवे सरकत सरकत ते भिंतीपर्यंत पोचले आणि तिथे खडू घेऊन बसून राहिले.

"...रेषा आहे," ते म्हणाले.

"आठवीला आहे ते," बाई म्हणाल्या.

वृंदा खुर्चीवरून वळून त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत होती.

"म्हणजे एकामागे एक बसायचं? स्कूटरवर बसायचो तसं?"

निमकरांच्या अंगातला इंजिनिअर पुन्हा एकदा उठून उभा राहिला. "मागच्याला थोडा फरक पडेल. पुढच्याचं डोकं मधे येईल, भिंतीवरून परतणारा आवाज... उंची वाढवली तर... बाई, मग ॲम्प्लिफायर कुठला?"

"आधी बसून या," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर गॅलरीतला उंच स्टूल खोलीत आला. पुढे कोण, यावर वाद झाला नाही. निमकर उंच होते. ते पुढे बसले असते तर वृंदाला गायकाऐवजी त्यांचं टक्कल दिसलं असतं. म्हणून ती खुर्चीवर, ते मागे स्टुलावर.

पहिल्या संध्याकाळी त्यांना आवाज पूर्वीपेक्षा कमी स्वच्छ वाटला. तसं ते बोलणार होते. तेवढ्यात वृंदानं मागे वळून विचारलं, "ऐकलंत?"

"काय?"

"तानपुरा छेडणारी बाई मधेच थांबली. बहुधा केस सारखे केले तिनं."

ते ध्वनिमुद्रण निमकरांकडे बावीस वर्षं होतं. मंडळात त्यावर त्यांनी दोन व्याख्यानं दिली होती. त्यांनी ती जागा पुन्हा लावली. तानपुरा खरंच क्षणभर थांबत होता.

धुळ्याचं तिकीट मात्र काढून झालं होतं. ताईला शब्द दिला होता. वृंदा गेली.

"सहा महिने?" स्टेशनवर त्यांनी विचारलं.

"बघू."

पहिल्या दिवशी निमकर पुढच्या खुर्चीवर बसले. आवाज उत्तम होता. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी गाणं अर्ध्यावर आल्यावर त्यांना दिसलं, की आपण मागच्या स्टुलावर बसलोय आणि पुढची खुर्ची रिकामी आहे.

त्यांनी धुळ्याला फोन लावला.

पहिला फोन मिनिटभराचा झाला. सारंगीवाला दर वेळी सुरू करण्याआधी श्वास घेतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सांगण्यासारख्या गोष्टी दोन निघाल्या. आठव्या दिवशी मागून ताईचा आवाज आला, "वृंदे, फोन ठेव, इथे सात पोरी बाह्या हातात धरून उभ्या आहेत!"

एकोणिसाव्या दिवशी वृंदा परत आली.

"ताईनंच पाठवलं," ती म्हणाली. "तुमचा फोन वाजला की पोरींचं शिवण चुकायला लागलं. सगळ्या कान देऊन बसायच्या." मग बॅग खाली ठेवत म्हणाली, "पण दर महिन्याला दहा दिवस जाणार आहे मी. मला आवडलं तिथे शिकवायला."

"जा," निमकर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मशीन आत आणू? त्या डाव्या भिंतीला बसेल. गाद्या काढून टाकतो तिथल्या. कापडाच्या गठ्ठ्यांनीही आवाज तेवढाच मुरतो, म्हणजे... मोजून बघावं लागेल, पण..."

"आणा. मोजू नका."

पुढच्या गुरुवारी दोघं भोरला गेले. बाई मागच्या अंगणात अळूला पाणी घालत होत्या.

"बसलात?"

"बसलो."

"कोण पुढे?"

"ही."

"मागून कसं ऐकू येतं?"

निमकरांनी तोंड उघडलं. महिन्यापूर्वी या प्रश्नावर ते अर्धा तास बोलले असते. आकडे तयार होते. मागच्या जागी काय कमी पडतं, काय वाढतं, सगळं त्यांनी टिपून ठेवलं होतं. वही खिशातच होती.

"हिची मान..." ते म्हणाले, आणि अडले. "हिची मान जरा हलते. त्यावरून कळतं, आता सम येणार."

बाईंनी हातातली झारी खाली ठेवली.

त्या आत गेल्या. येताना त्यांच्या हातात एक काळी पेटी होती. ती त्यांनी वृंदाच्या हातांवर ठेवली. वृंदा वजनानं जराशी वाकली आणि तिनं पेटी पोटाशी धरली. बाई पुन्हा आत गेल्या आणि दुसरी घेऊन आल्या. अगदी तशीच. ती निमकरांच्या हातांवर आली.

निमकरांनी पेटीकडे पाहिलं, वृंदाच्या पेटीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा शाळकरी मुलासारखा उजळला.

"दोन मोनो! बाई, मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो!"

"हो, म्हणत होता."

"म्हणजे झिरपू नये म्हणूनच ना? माझं कारण बरोबर होतं ना?"

"नाही."

"मग?"

"दोन पेट्या एकट्याला उचलत नाहीत."

वृंदा खुदकन हसली. निमकरांना यावर काहीतरी बोलायचं होतं, पण पेटी जड होती, आणि बाई त्यांना वाट दाखवत पुढे निघाल्याही होत्या. तिघं घराला वळसा घालून फाटकाशी आले. वृंदा पुढे, निमकर मागे, दोघांच्या चालीत ओझ्याचा एकच झोका.

गाडीपाशी निमकर थांबले. त्यांनी आपली पेटी उलटी केली, खालून पाहिली, बाजूंनी पाहिली. कुठे अक्षर नाही, खूण नाही, ठिपका नाही. त्यांनी वृंदाची पेटीही वाकून पाहिली. तिच्यावरही नाही.

"बाई!" त्यांनी हाक मारली. "यातला डावा कुठला आणि उजवा कुठला?"

बाई फाटकाला कडी घालत होत्या.

"घरी जाऊन लावेपर्यंत पेट्यांनाही ठाऊक नसतं."